सुपाऱ्यांची कंपनी

मेसेज

"छान बोललीस गं तेजू. लई आवडलं सगळ्यांना."

खाली गुलाबांची रांग, मग जोडलेले हात, मग परत गुलाब.

तेजश्रीने हा मेसेज रांजणगावच्या कंपनीत, क्वालिटीच्या टेबलापाशी उभ्या उभ्या वाचला. मोबाईल खिशात घातला. परत काढला. परत वाचला. हाच मेसेज तिने स्वतः कुणाला पाठवला असता तर त्याचा अर्थ सरळ होता: माझी पार शोभा केलीस, आता हे गुलाब घे आणि लांब बस.

पण मेसेज तिच्या थोरल्या बहिणीचा होता. सुलक्षणाताईचा. ताईने आयुष्यात कधी उलटं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. ती "छान" म्हणाली म्हणजे छान. "भूक नाही" म्हणाली म्हणजे भूक नाही.

मग ठीकच की.

ठीक कसं असेल? तो व्हिडिओ बघून कुणी "छान" म्हणेल का?

शिफ्ट संपेपर्यंत तेजश्रीने दोन चांगले नग नापासच्या ट्रेमध्ये टाकले. लग्न तोंडावर आलं होतं. लोकांना वाटलं, नवरी आहे, होतंच असं.

व्हिडिओ, जसा आहे तसा

(मोबाईल डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरतो. खुटबावचं घर, ताईच्या सासरचं, बाहेरची खोली. दिवाणावर, टेबलावर, टीव्हीच्या कपाटावर रुखवत मांडलेलं. आवाज तेजश्रीचा, दबका, वस्तुसंग्रहालयात पाहुण्यांना फिरवणाऱ्या बाईसारखा.)

"नमस्कार. आपण खुटबावच्या ऐतिहासिक दालनात आहोत. समोर आहे मोत्यांची तुळस. तुळस सोडून यात सगळं आहे.

"हे कारंजं. जुन्या कूलरच्या मोटरवर चालतं. पाणी कमी, आवाज जास्त. बघताना ग्रामसभेची आठवण येते.

"हे नारळ म्हणजे वऱ्हाडी मंडळी. सगळ्यांचे डोळे बाहेर आलेले आहेत. जेवणाची वेळ टळून गेली असावी.

"आणि हे मुख्य आकर्षण. थर्माकोलची कंपनी. नवरी इथे नोकरीला आहे. कामगार सगळे सुपाऱ्या. सेफ्टीच्या दृष्टीने उत्तम, पडल्या तरी फुटत नाहीत. ही एक सुपारी लाल टोपी घालून गेटाबाहेर उभी आहे. का, हा संशोधनाचा विषय आहे.

"हे सगळं एकाच बाईने हाताने केलेलं आहे. तिला कुणी अडवलं नाही, हे या घराचं दुर्दैव."

(आतून, स्वयंपाकघरातून: "तेजू, च्यात साखर किती घालू गं?")

"हा कलाकाराचा आवाज."

(संपतो.)

तो कुठे कुठे गेला

तेजश्रीने तो फक्त इंद्रजीतला पाठवला होता. होणाऱ्या नवऱ्याला. राहू गावचा इंद्रजीत, शेती बघतो, ट्रॅक्टरवर बसून पुस्तकं ऐकतो. तो तिच्यासारखाच न हसता हसणारा. पहिल्या भेटीत दोघांनी एकमेकांना सरळ चेहऱ्याने इतकं खोटं सांगितलं होतं की मधे बसलेले मामा गोंधळून पाणी प्यायला उठून गेले. लग्न तिथेच ठरलं म्हणायला हरकत नाही.

इंद्रजीतला व्हिडिओ आवडला. इतका आवडला की बायको काय तोडीची मिळतेय हे घरच्यांनाही कळावं म्हणून त्याने तो राहूच्या भावकीच्या ग्रुपवर टाकला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. फक्त दौंड तालुक्यात कुठलाही ग्रुप एका घरापाशी थांबत नाही, एवढी गोष्ट तो त्या क्षणी विसरला. त्याच्या चुलतीचं माहेर खुटबाव. चुलतीने भावजयीला पाठवला. भावजय सुलक्षणाच्या सासूबरोबर भजनाला बसते.

त्या सासूच्या, धुरपदाबाईंच्या मोबाईलवर तो आला तेव्हा सुलक्षणा त्यांच्या शेजारीच गवार मोडत होती, असं नंतर कळलं.

या दोघी

लहानपणी शिरूरच्या घरात एक खेळ चालायचा, ज्याला कुणी खेळ म्हणत नव्हतं. तेजश्री गंभीर चेहऱ्याने काहीतरी सांगायची आणि ताई ते खरं मानायची.

"ताई, शेजारच्या मीरासाहेब चाचांची म्हैस बुधवारी दूध देत नाही. तिचा उपास असतो."

"व्हय? मग रोशनबीचाची बुधवारी च्या कशाचा करत्यात?"

आई ओरडायची तेजश्रीवर. ताई आईला म्हणायची, "अगं, ती सांगती तर आयकून तरी घे."

ताईला हसू यायचं ते वेगळ्याच गोष्टींना. कुणी घसरून पडलं, वरातीत कुणाचा फेटा सुटून तोंडावर आला, लहान पोराने पाहुण्यासमोर चड्डी काढली. मग ती अशी हसायची की डोळ्यांतून पाणी, पदर तोंडात, आणि भिंतीला धरून खाली बसणं. गोष्ट सांगायला लागली तर अर्ध्यावरच स्वतः हसायची आणि शेवट कधी यायचाच नाही. तेजश्री वाट बघत बसायची. शेवट न आलेल्या विनोदाला हसायचं कसं?

आणि आवड. ताईला झगमग आवडायची. साडीला टिकल्या, दाराला झुंबर, मोबाईलला गोंडा, चहाच्या कपालाही सोनेरी कड. तेजश्रीच्या खोलीत पांढरी भिंत आणि एक घड्याळ. ताई माहेरी आली की त्या भिंतीकडे बघून म्हणायची, "अजून कामच चाललंय का गं हितलं?"

तर अशा ताईने, धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं त्या दिवशी जाहीर केलं: रुखवत मी करणार. विकतचं आणायचं न्हाई. आन् कुणी हात लावायचा न्हाई.

माफीचे मसुदे

ताईने केळवणाला बोलावलं होतं. हळद लागली की नवरीला घराबाहेर पडता येत नाही, म्हणून त्याआधीच. आई म्हणाली, "स्कूटीवर कुठं जातीस, आबांना सांग गाडी काढायला." तेजश्री म्हणाली, नको. रस्त्यात तिला एक काम होतं आणि ते एकटीनेच करायचं होतं.

शिरूर ते न्हावरे. पहिला मसुदा:

ताई, तो व्हिडिओ तुझ्यापर्यंत यायला नको होता.

(म्हणजे काय? करायला हवा होता, फक्त यायला नको होता? खोड.)

न्हावऱ्याच्या पुढे, उसाच्या ट्रॉलीच्या मागे अडकून. दुसरा मसुदा:

ताई, मी सगळ्यांचीच अशी थट्टा करते. इंद्रजीतचीसुद्धा. आबांचीसुद्धा.

(इंद्रजीत थट्टा परत करतो. आबांना ऐकू कमी येतं. ताई काय करणार होती? खोड.)

ट्रॉली हलेना. ड्रायव्हरने हॉर्नवर भक्तिगीत लावलेलं. तेजश्रीच्या डोक्यात आपोआप एक वाक्य तयार झालं, त्या ट्रॉलीवर, त्या हॉर्नवर, चांगलं धारदार वाक्य. ते मनात आल्याबरोबर तिला स्वतःची शिसारी आली. माफी मागायला निघालीये आणि डोकं काय करतंय बघा.

पारगावच्या पुलावर, भीमा खाली. तिसरा मसुदा:

ताई, चुकलं माझं.

(बस. एवढंच. पुढे काही लावायचं नाही.)

हा मसुदा तिने केडगावपर्यंत जपून नेला, भरलेला तांब्या न्यावा तसा.

खुटबाव

"आली गं माझी निवेदिका!"

ताई दारातच. हातात भाकरतुकडा. तो ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, आणि तिथेच, उंबऱ्यात, शेजारच्या घराकडे तोंड करून मोठ्याने: "ताईबाई! अहो ताईबाई! ही बघा. व्हिडिओतली. हिचाच आवाज हाय त्यो."

शेजारच्या ताईबाई कंपाऊंडवरून डोकावल्या. तेजश्रीला वरपासून खालपर्यंत बघितलं. "व्हय का?" एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. आत गेल्यावर हसल्याचा आवाज आला.

मसुद्याचा भरलेला तांब्या उंबऱ्यातच कलंडला.

"ताई, मला जरा बोलायचंय."

"बोल की. आधी हात-पाय धू. पुरण गरम हाय."

घरात दाजी नव्हते, केडगावला गेले होते. धुरपदाबाई मात्र दिवाणावर बसल्या होत्या, पाय दुमडून, मोबाईल मांडीवर. या बाई तेजश्रीने आजवर गप्पच बघितलेल्या. ताईच्या लग्नापासून त्यांचं आणि ताईचं बोलणं म्हणजे मीठ दे, दार लाव, दूध आलं का. आज त्यांनी हाताने जागा थोपटली.

"ये, बस. तुज्यासारखी एक पोरगी आमच्या घरात पायजे व्हती. नेमकी दुसरीच आली."

आणि हसल्या. ताईही हसली, पुरणाची पोळी वाढता वाढता. मोकळं, पोटातून.

जेवण सुरू झालं तसं तेजश्रीला कळत गेलं की इथे काय चाललं आहे. ताईने पाटाभोवती रांगोळी काढली होती आणि तिच्या कडेला जरीची फुलं ठेवली होती. धुरपदाबाई म्हणाल्या, "अडवा की हिला कुणीतरी. दुर्दैव म्हणायचं घराचं."

ताई टाळी देऊन हसली. "तेजूचं वाक्य! आत्यांना सगळं पाठ झालंय."

ताईने वाटीत तूप जास्त ओतलं. धुरपदाबाई: "कारंजं उडिवलंस."

परत हसू.

"आत्या रोज म्हणत्यात गं," ताई तेजश्रीच्या ताटात दुसरी पोळी घालत म्हणाली. तिचा चेहरा उजळलेला होता, खरंच उजळलेला. "सकाळी उठल्यापास्नं. काय बी करायला घेतलं की तुज्याच आवाजात बोलत्यात. आधी कशा व्हत्या आत्या, सांग की आता. बोलायच्या तरी का माझ्याशी? ह्या व्हिडिओपास्नं कसं घर भरल्यावानी वाटतं."

धुरपदाबाईंनी तेजश्रीकडे बघितलं. त्या नजरेत ओळख होती. एकाच शाळेतली दोन माणसं गर्दीत भेटावीत तशी. चेहरा सरळ, फक्त उजवा डोळा जरासा बारीक. तेजश्री स्वतः असंच करते. इंद्रजीतने तिला ते सांगितलं होतं, लाडाने: तू बाण मारलास की तुझा एक डोळा बारीक होतो.

तेजश्रीने पोळीवर तूप ओतलं, दूध ओतलं, मान खाली घालून संपवली. ताई म्हणाली, "अजून एक."

सांगावं की नाही

न सांगावं: ताई खूश आहे. लग्नाच्या तयारीत, सासूशी हसतखेळत. कुणाचं काय बिघडलंय?

सांगावं: सगळं गाव तिच्यावर हसतंय आणि ती त्यात सामील आहे. टाळी देतेय.

न सांगावं: सांगितलं तर टाळी जाईल. बदल्यात काय येईल?

सांगावं: कारण मला हे मनात ठेवून बसवत नाही.

(हे शेवटचं कारण ताईसाठी नव्हतं. तेजश्रीला ते त्याच वेळी कळलं होतं. तरीही तेच जिंकलं.)

पडवीत

दुपारी धुरपदाबाई आडव्या झाल्या. पडवीत ताई रुखवत बांधायला बसली. जुनी वर्तमानपत्रं, खोके, सुतळी. वस्तू सगळ्या आजूबाजूला मांडलेल्या. टेम्पो दुसऱ्या दिवशी येणार होता.

"ताई, तो व्हिडिओ म्हणजे चेष्टा होती."

"कुणाची?"

"तुझी."

ताईने सुतळी दातात धरली होती. ती तशीच राहिली. मग काढली.

"म्हंजी कशी?"

"म्हणजे... मी या वस्तूंची थट्टा करत होते. मला तसं करायला नको होतं. चुकलं माझं."

"पण तू तर परदर्शनातल्या बाईवानी बोललीस. एकेक वस्तूचं नाव घेतलंस. माझ्या वस्तूंकडं असं एकेक करून आजपतुर कुणी बघितलंय का?"

"तीच तर थट्टा गं."

ताईने हात पुसले, मोबाईल काढला, व्हिडिओ लावला. मोत्यांच्या तुळशीपाशी थांबवला.

"हितं काय?"

"जाऊ दे ना ताई."

"न्हाई, सांग. मला कळू दे तरी. हितं काय हसायचं?"

तेजश्रीने सांगितलं. मोत्यांची तुळस म्हणजे तिच्यात तुळस नाही, म्हणून. ताईने तुळशीकडे बघितलं. "मोत्यांची म्हणल्यावर तुळस कशी आसंल?" ती विचारत होती. खरंच विचारत होती.

पुढे. कारंजं. ग्रामसभा का? तेजश्रीने सांगितलं.

नारळांचे डोळे. सांगितलं. "तुला मोठ्या डोळ्यांच्या बाहुल्या आवडायच्या ल्हानपणी," ताई म्हणाली, "म्हणून तसं काढलं."

स्वतःच्याच विनोदाचा असा एकेक तुकडा पाडून हातात द्यायचा, ही शिक्षा कुठल्या माफीच्या मसुद्यात नव्हती. आणि प्रत्येक तुकडा उन्हात ठेवलेल्या माशासारखा. रात्री इंद्रजीतला पाठवताना काय चमकत होता!

कंपनीपाशी व्हिडिओ परत थांबला. गेटाबाहेरची लाल टोपीची सुपारी पडद्यावर.

"हिचं काय? संशोधन कसलं?"

"म्हणजे ती एकटीच लाल का, बाहेर का, काही कळत नाही म्हणून..."

"तूच सांगितलंस की!" ताईचा आवाज पहिल्यांदा चढला. "मी फोन केलता तुला. इचारलं, तुमच्या कंपनीत डोक्यावर कुठल्या रंगाच्या टोप्या घालत्यात. तू म्हणालीस, साहेबांना निळी, आम्हाला पिवळी, आन् ज्याची नोकरी जाणार त्याला लाल. मी म्हणलं, आगं बाई, त्याला आतच न्हाई का मग घेत? तू म्हणालीस, न्हाई, गेटाबाहेर उभा करत्यात."

तेजश्रीला आठवलं. जेवणाच्या सुट्टीत, एका हातात डबा, एका हातात फोन. सुचलं ते बोलून गेली होती. फोन ठेवल्यावर विसरूनही गेली होती. ताईने मात्र कात्री घेऊन लाल कागद कापला होता.

"मी त्याच्यासाठी वायलं कपाट कोरणार व्हते थर्माकोलचं," ताई म्हणाली, "त्याचा डबा ठेवायला. वाईट वाटलं त्याचं. बाहेर उभा म्हणल्यावर जेवणार कुठं."

व्हिडिओ पुढे गेला. तिला कुणी अडवलं नाही, हे या घराचं दुर्दैव. ताईने तो थांबवला नाही. अर्थ विचारला नाही. "हा कलाकाराचा आवाज" पर्यंत जाऊन तो आपोआप बंद पडला.

पडवीच्या पत्र्यावर चिमण्यांची नखं वाजत होती.

"म्हंजी आत्या," ताई म्हणाली, आणि थांबली. "म्हंजी आत्यांना ठावं हाय."

"हो."

"ताईबाईंना?"

"बहुतेक."

"यांना?"

दाजींचं तेजश्रीला माहीत नव्हतं. तिने मान खाली घातली आणि ताईने ते हो म्हणून घेतलं.

"मला वाटलं, आत्या माझ्याशी बोलाय लागल्या."

एवढं बोलून ती पुन्हा सुतळीकडे वळली. गाठ मारली, सोडली, मारली.

"ताई, मला माफ कर."

"कशाला सांगितलंस?"

"राहवलं नाही मला. रोज वाटायचं..."

"तुला ऱ्हावलं न्हाई," ताई म्हणाली. रागाने नाही. दुकानदार सामानाचं नाव परत उच्चारून बघतो, तसं. "आन् मी आता काय करू ह्याचं? सांजच्याला आत्या उठतील. पुन्यांदा तेच म्हणतील. मी हसू का नको?"

तेजश्री रडायला लागली. तिला वाटलं होतं, रडल्यावर ताई जवळ घेईल. नेहमी घ्यायची. ताईने तिच्या पुढ्यात वर्तमानपत्राचा गठ्ठा सरकवला. "ह्ये फाड. आर्धं आर्धं."

ती फाडत बसली.

"खरं सांग," गठ्ठा अर्धा झाला तेव्हा ताई म्हणाली. "आवडलंय का तुला ह्यातलं काय?"

खोटं बोलायची हीच जागा होती. आयुष्यभर सरळ चेहऱ्याने खोटं बोलणाऱ्या तेजश्रीला ते नेमकं आत्ता जमलं नाही.

"नाही."

"बरं."

"पण मला पाहिजे ते, ताई. सगळं पाहिजे."

"आवडत न्हाई तर पायजे कशाला?"

"तू केलंयस म्हणून."

"त्ये म्हंजी माझ्यावर उपकार," ताई म्हणाली. आणि मग, कागदाची घडी घालत, अगदी सहज, जणू हवापाण्याचं: "मला बी तुझी हसायची तऱ्हा कवाच आवडली न्हाई. ल्हानपणापास्नं. तू काय बोलली का मला आधी भ्या वाटायचं, कुणाला लागलं तर न्हाई? मग मी पटकन खरं मानायची. खरं मानलं का त्ये लागत न्हाई कुणाला."

तेजश्रीचे हात थांबले.

"मग तुला कळायचं? म्हशीचा उपास आणि ते सगळं?"

"म्हशीचं न्हाई कळलं," ताई म्हणाली. "त्ये खरंच वाटलं व्हतं. बाकीचं थोडं थोडं. व्हिडिओचं मात्र न्हाई कळलं. त्यात तू लई छान बोललीस."

धुरपदाबाई उठतात

आतून खोकला. मग चपला. पडवीच्या दारात धुरपदाबाई, केस विस्कटलेले, झोपेतून ताज्या. समोर कागदाचा ढीग, खोके, सुतळीची गुंडाळी, त्यात बसलेली सून.

"काय गं, अजून अडिवलं न्हाई का कुणी?"

तेजश्रीने काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मावशी, बास करा आता. हे शब्द तोंडात होते. पण ती लग्न करून राहूला जाणार, आणि या घरात राहणार ताई.

ताई हसली.

तेच हसू. पदर तोंडाला, मान मागे. कुठेही कमी नाही, जास्त नाही. "बघा की आत्या, तुमीच अडवा आता," असंही म्हणाली. धुरपदाबाई खूश झाल्या, च्या टाक म्हणाल्या, मोरीकडे गेल्या.

हसू त्या जाईपर्यंत टिकलं. मग ताईने चेहरा पुसला. घाम पुसावा तसा.

तेजश्रीला काल कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, ताईला नाटक येत नाही. आज सकाळपर्यंत येत नव्हतंही. तेजश्रीनेच ते शिकवलं होतं, एका दुपारीत.

"च्या मी टाकते," तेजश्री म्हणाली.

"बस. नवरी हायेस."

खोके

आता बांधाबांध सुरू झाली, आणि तिची एक नवीन रीत पडली. ताई वस्तू उचलायची, कागदात गुंडाळण्याआधी समोर धरायची आणि तेजश्रीच्या तोंडाकडे बघायची. वस्तूकडे नाही. तोंडाकडे.

"न्हेऊ?"

"ने."

तुळस. "न्हेऊ?" "ने."

नारळ, एकेक. "ने." "ने." "ने." तेजश्री ओठ घट्ट मिटून, चेहरा दगडासारखा करून बसली होती. डोळा बारीक होऊ नये म्हणून दोन्ही डोळे मोठे करून. कंपनी ताईने तिला न विचारताच बाजूला ठेवली, भिंतीकडे तोंड करून. तेजश्री म्हणाली, "ताई, तीसुद्धा." ताईने ऐकलं नाही, किंवा ऐकलं आणि ठेवली.

मग कोपऱ्यातल्या फडक्याखालून एक वस्तू निघाली. ही व्हिडिओत नव्हती. तेजश्रीने कधी बघितलीच नव्हती.

"ही परवा केली," ताई म्हणाली. "आजून वाळती हाय."

कोल्ड्रिंकच्या बाटलीचं धड. त्याला छोट्या झोपाळ्यावर बसवलेलं. अंगात चिंध्यांचा कोट, बटणाला टिकल्या. आणि डोक्याच्या जागी लग्नपत्रिकेवरचा इंद्रजीतचा फोटो, गोल कापून, स्प्रिंगवर चिकटवलेला. ताईने बोटाने टिचकी मारली. इंद्रजीतचं डोकं हलायला लागलं. वर, खाली. वर, खाली. फोटोत त्याने ओठ आवळले होते, स्टुडिओवाल्याने सांगितलं म्हणून, आणि त्या आवळलेल्या ओठांनी तो गंभीरपणे, झोपाळ्यावर बसून, सगळ्याला होकार देत होता.

तेजश्रीला हसू फुटायला लागलं. तिने गाल चावला. श्वास धरला. सगळ्या दुपारचं दुःख मनात आणलं, ताईचा पुसलेला चेहरा आणला, लाल टोपी आणली. डोकं हलतच होतं. वर, खाली. नाकातून एक आवाज निघाला, बारीक, शिट्टीसारखा.

ताई बघत होती. तोंडाकडेच.

"हस," ती म्हणाली. "दाबू नको. तोंड वाकडं ऱ्हायलं तर फोटो खराब येतील."

तेजश्री मान हलवून नाही म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते कशाचं हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"आडवं बी हालतंय का बघितलं मी," ताई म्हणाली आणि डोक्याला बाजूने टिचकी मारली. इंद्रजीत जरासा डगमगला आणि परत वर-खाली व्हायला लागला. "न्हाई हालत. लई परकारं करून बघितलं. आडवं हालतच न्हाई. आसाच ऱ्हावा."

ताईचा चेहरा सरळ होता. अगदी सरळ. तेजश्रीने तिच्या डोळ्यांकडे बघितलं, आधी डाव्या, मग उजव्या. एखादा बारीक झालाय का. ओठांकडे बघितलं. काही दिसलं नाही. ताई विनोद करत होती की स्प्रिंगची अडचण सांगत होती, हे तिला कळेना. विचारायचा धीर होईना.

ताईने बाटलीला कागद गुंडाळायला घेतला, डोकं बाहेर ठेवून.

"न्हेऊ?" ती म्हणाली आणि वाट बघत राहिली.